सात नंबरचा पाचवा फाऊल

मंगळवार, ४ मार्च
दुपारी, सक्तीच्या विश्रांतीच्या वेळात

ताई,

पत्र तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर पाठवतेय, राग मानू नकोस. घरचा पत्ता आईकडे मागितला असता तर तिने "का? कशाला? काय झालं?" असे तीन प्रश्न विचारले असते आणि चौथा विचारायच्या आधी रडली असती. ऑफिसातल्या बाईंनी पाकीट फोडलं नाही म्हणजे मिळवली.

हाताने लिहायचं कारण असं, की शिबिरात सकाळी आठ ते संध्याकाळी सहा सगळ्यांचे फोन काढून घेतात. ते एका प्लास्टिकच्या डब्यात, आणि डब्यावर राखणीला लंबू. हो, आपलीच लंबू. गुडघा गेल्यापासून ती संघाची मॅनेजर झालीय आणि तुझ्या वेळी स्वतः मोडलेले सगळे नियम आता आम्हाला पाळायला लावते. आणि फोन हातात असता तरी काय मोठंसं झालं असतं? गेल्या अकरा वर्षांत आपण दोघी फोनवर जे बोललो ते सगळं एका पोस्टकार्डावर मावेल. "बरी आहेस ना?" "हो. तू?" "बरी. आईला देते."

खोली चांगली आहे. पलंग मात्र साध्या माणसांचे. अंथरूण पाहून पाय पसरायचे म्हटलं तर आम्हाला गुडघे छातीशी घेऊन झोपावं लागेल. मी पायाशी एक खुर्ची लावलीय आणि घोटे तिच्यावर ठेवते. सकाळी उठले की डावा गुडघा दार उघडल्यासारखा वाजतो.

तर मुद्दा. माझं हे शेवटचं शिबिर. आईने सांगितलं असेलच, तिच्या पोटात काही राहत नाही. तेवीस तारखेला, रविवारी दुपारी चार वाजता शेवटचा सामना, आणि मग मला निरोप. फुलं, भाषणं, एक चकचकीत पुस्तिका. देशाकडून बास्केटबॉलचे एकशे बारा सामने झाले, हा एकशे तेरावा. पहिल्या चोवीस सामन्यांत तू माझी कर्णधार होतीस. पुढच्या अठ्ठ्याऐंशीत एकदाही प्रेक्षकांतसुद्धा नव्हतीस. तू या सामन्याला ये. एवढंच मागणं आहे.

मी काय तोंडाने बोलावतेय, असं तू म्हणशील. तुझ्या लग्नात मी दोन तास होते, तेही घड्याळाकडे बघत. भाची झाली तेव्हा पार्सल पाठवलं, स्वतः आले नाही. मला गर्व झालाय असं तू आईला म्हणाली होतीस. आईने ते लगेच मला सांगितलं, अर्थातच. मी तो समज तसाच राहू दिला. गर्विष्ठ म्हणवून घेणं त्यातल्या त्यात सोपं होतं.

तुझी,
धाकटी


रविवार, ९ मार्च

ताई,

उत्तर नाही. हरकत नाही, पत्र पोचायलाही दोन दिवस लागतात आणि तुझा राग उतरायला त्याहून जास्त.

पुस्तिकेची छापायच्या आधीची प्रत आलीय. संपादकबाई फार उत्साही. मी लहानपणी कुठल्या कुशीवर झोपायचे हेसुद्धा विचारून झालं. बाबांनी वेल्डिंगच्या दुकानात सळई वाकवून आपल्याला बास्केटचं कडं करून दिलं, ते त्यात आहे. "मुलींचा नेम पक्का व्हावा म्हणून वडिलांनी कडं मुद्दाम चार बोटं लहान केलं," असं छापलंय. मुद्दाम! नियमांचं पुस्तक मिळालं आणि माप जुळेना, तेव्हाचा त्यांचा चेहरा आठवतो तुला? पट्टी परत लावून पाहिली आणि म्हणाले, "मुद्दामच केलंय." मरेपर्यंत तेच सांगत राहिले.

गल्लीतले पंचही बाबाच. त्यांचा कायदा एकच. चूक झाली की पंचाने शोधायच्या आधी आपण हात वर करायचा. मी पाचदा ढकलून एकदा हात वर करायची. तू नुसती शंका आली तरी करायचीस. बाबा मला म्हणायचे, "हिच्याकडून शीक जरा." मी मनात म्हणायचे, हिच्याकडूनच शिकत बसले तर मी कधी जिंकणार?

सतराव्या पानावर तो सामना आहे. मी जसंच्या तसं उतरवते: "अखेरचे बारा सेकंद उरले असताना कर्णधार असलेल्या थोरल्या बहिणीच्या एका अनावश्यक फाऊलमुळे हातातला सामना निसटला. त्या पराभवाच्या राखेतून धाकटीची कारकीर्द उभी राहिली."

राखेतून म्हणे. मी काय भांडी घासायची पावडर आहे?

पंधरा तारखेपर्यंत प्रत्येक पानावर माझी सही हवीय. सोळा पानांवर केली. सतराव्यावर पेन टेकवलं आणि उचललं. "ताईला वाचून वाईट वाटेल," असं मी बाईंना सांगितलं. ते खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही. बाई म्हणाल्या, "मग त्यांना विचारून घ्या ना." म्हणून विचारतेय. असं छापलेलं चालेल तुला?

हा प्रश्न वाचून तू पत्र चुरगाळशील. मीही चुरगाळलं असतं. सरावाची शिटी झाली, जाते.

धाकटी


गुरुवार, १३ मार्च
सकाळी, न्याहारीच्या आधी

ताई,

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. दोन पत्रं मी तेच केलं.

तो फाऊल माझा होता.

एका पॉइंटने आपण पुढे होतो. त्यांची ती आखूड केसांची पोरगी आत घुसली. तू तिच्या समोर उभी राहिलीस, दोन्ही हात सरळ वर, बाबांनी शिकवले तसे. मी मागून मदतीला आले आणि बॉलवर हात मारायला गेले. बॉल राहिला बाजूला, तिचं मनगट मिळालं. चांगलं सणसणीत. माझ्या तळहाताला ते अजून कळतं. शिटी वाजली. पंच होता लंबूच्या पलीकडे. त्याला फक्त हात दिसले असणार, कुणाचे ते नाही. त्याने आपल्याकडे पाहिलं, आणि तुझा हात वर गेला. त्याने टेबलाकडे बोटांनी सात नंबर दाखवला. तुझा पाचवा. नियमाने तू बाहेर.

मी हात वर केला नाही. खाली बघून बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती.

सामन्याचं चित्रण नंतर सगळ्यांनी दहादा पाहिलं. कॅमेरा एकच आणि त्यातही मधे लंबूची पाठ. एवढी मोठी पाठ देवाने तिला काय म्हणून दिली असेल, असं तेव्हा मी म्हणाले आणि सगळे हसले. मी त्या पाठीचे आभार मानत होते.

त्यांनी दोन्ही फ्री थ्रो आत टाकले. आपण हरलो, मुख्य स्पर्धेतली जागा गेली. ते सगळं परवडलं असतं, ताई. पण घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तू स्वयंपाकघरात कांदा चिरत होतीस आणि बाबा आत आले. हातातली पिशवी ओट्यावर ठेवली आणि तुला म्हणाले, "तिथे हात घालायची काय गरज होती गं?" रागावून नाही म्हणाले. रागावले असते तर तू भांडली असतीस. ते बिचारे खरंच विचारत होते. आणि तू म्हणालीस, "चुकलं माझं."

मी दारात होते. हातात जेवलेलं ताट होतं. तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं, फार तर दोन. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले, मग ताट तिथेच खाली ठेवून बाहेर गेले. पुढच्या आठवड्यात तू सामान बांधलंस. निवड शिबिराचं बोलावणं आलं तेव्हा तू नकार कळवलास. बाबा चार वर्षांपूर्वी गेले, तेही तेच समजून.

घाबरले होते गं. एकवीस वर्षांची होते. मग एक दिवस गेला, एक महिना गेला, आणि मग सांगायला तोंडच राहिलं नाही. तुझ्यासमोर आले की ते तोंडातून निघेल, म्हणून तुझ्यासमोर येणंच सोडलं. तुला वाटलं गर्व.

आता पत्र बंद करते. परत वाचलं तर पाठवणार नाही.

धाकटी


शुक्रवार, १४ मार्च

ताई,

काल पत्र पेटीत टाकलं आणि सरावात दोरीच्या उड्या मारताना लक्षात आलं, की त्यातही मी एक खोटं लिहिलंय. घाबरले होते, हे.

तुझे चार फाऊल होते. माझे दोन. हात मी वर केला असता तर माझा तिसरा झाला असता. मी खेळतच राहिले असते, तूही राहिली असतीस. घाबरायला कारणच नव्हतं. हे तुझ्या लक्षात येईलच, कारण दोन्ही संघांतल्या कुणाचे किती फाऊल झालेत हे तुला झोपेतही पाठ असायचं.

खरं सांगते. तू बेंचकडे चालायला लागलीस आणि माझ्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की आता शेवटचा बॉल मला मिळणार.

गल्लीत शेवटचा बॉल तुझा. शाळेत तुझा. क्लबात तुझा, देशाकडूनही तुझा. आणि त्यात काही गैर नव्हतं, तू टाकायचीसच. मी मात्र चोवीस सामने तुझ्या शेजारी धावत होते आणि प्रत्येक वेळी मनात म्हणत होते, एकदा मला. फक्त एकदा. आणि तू अशी आयती बाहेर निघालीस.

मिळाला मला. सात सेकंद होते, समोर कुणी नव्हतं. कड्याच्या पुढच्या काठाला लागला आणि बाहेर आला. त्याबद्दल मला कुणीही एक अक्षर बोललं नाही. पोरगी लहान आहे, दडपण आलं असेल, म्हणाले. सगळ्यांनी तुझा फाऊल धरला. मीही.

सतरावं पान मी सही न करता परत केलं. खाली लिहिलं, "फाऊल आठ नंबरचा. मी." संपादकबाईंचा चेहरा उतरला. "अहो, निरोपाला गालबोट कशाला?" म्हणाल्या. मी म्हटलं, छापायचं की नाही ते ताई ठरवेल, तिचं उत्तर येईपर्यंत आठवडाभर थांबा. मग लंबूला सांगितलं. ती फोनच्या डब्यावरून उठली, माझा फोन शोधून काढला आणि दुपारी तीन वाजता, नियम मोडून, माझ्या हातात दिला. "आत्ता कर तिला." मी परत डब्यात ठेवला. फोनवर तू "बरी आहेस ना?" विचारशील आणि मी "बरी" म्हणेन.

सामन्याला ये म्हणून पहिल्या पत्रात मागितलं होतं. ते आता मागत नाही. फक्त एकदा कळव, की वाचलंस.

धाकटी


मंगळवार, १८ मार्च

चारही पत्रं मिळाली. शेवटची दोन एकाच दिवशी आली आणि ऑफिसातल्या बाईंनी उलट्या क्रमाने दिली. त्यामुळे मला तुझं कारण आधी कळलं आणि गुन्हा नंतर.

त्या दिवशी मी तीन तास गाडी शिकवली. माझ्या बाजूला वेगळा ब्रेक असतो, तो एकदाही दाबला नाही. एका बाईने गाडी कचऱ्याच्या पेटीला नेऊन टेकवली, तेव्हा भानावर आले. तिचीच चूक म्हणून तिला ओरडले. ती तुझी चूक समज.

माझा हात तिला लागल्याचं मला कधीच आठवलं नाही. वर केला तो सवयीने. मग पंच म्हणाला सात, सगळे म्हणाले सात, बाबांनी विचारलं, तेव्हा मीही मानलं. पण मनातून पटेना. भांडी घासताना, गिअर टाकताना, पोरीची वेणी घालताना हा हात म्हणायचा की मी नाही लागलो, आणि मी त्याला म्हणायची, गप्प बस खोटारड्या. निवड शिबिराला गेले नाही ती त्यामुळे. आपला हात कुठे होता हे ज्याला कळत नाही, त्याने कशाला खेळायचं? तुम्हा सगळ्यांना वाटलं मी रुसले. मी रुसले नव्हते, मला माझीच भीती वाटत होती.

मला तुझा भयंकर राग आलाय. दोन उत्तरं लिहून फाडली, हे तिसरं. शेवटचा बॉल हवा होता तर मागायचास. दिला असता. कदाचित नसता दिला. पण मागायचास तरी.

आणि काल मला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली. हेही लिहून ठेवते, कारण खरं आहे.

सामन्याला येणार नाही. मनापासून टाळ्या वाजणार नाहीत आणि खोट्या मला वाजवता येत नाहीत. पानाचं तुझं तू ठरव, माझ्यावर ढकलू नकोस. फक्त "अनावश्यक" हा शब्द काढायला सांग. त्या आखूड केसांच्या पोरीने तो बॉल सहज आत टाकला असता. कुणीतरी अडवायलाच हवं होतं.

सामना झाला की सोमवारी इकडे ये. फोन करू नकोस. फोन केलास तर मी नको म्हणेन.

ताई


मंगळवार, २५ मार्च
बसमध्ये. अक्षर रस्त्यासारखं येतंय.

ताई,

तुझ्या घरातून निघून दोन तास झाले आणि मी परत पत्र लिहितेय. सवय लागली बहुतेक.

सामन्याचं तू काल एका शब्दाने विचारलं नाहीस, म्हणून सांगते: नऊ पॉइंटनी जिंकलो. माझे सहा. पुस्तिकेतलं सतरावं पान मी सांगितलं तसं छापलं, "अनावश्यक" काढून. भाषणं करणाऱ्यांपैकी कुणी ते वाचलेलं नव्हतं, सगळे राखेबद्दलच बोलले. एका जुन्या पंचाने मात्र वाचलं होतं. जवळ आला, माझ्याकडे पाहिलं आणि हात न मिळवता निघून गेला. तेही बरोबरच.

काल सकाळी मी तुझ्या ऑफिसच्या दारात आले तेव्हा काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. तू बाहेर आलीस, मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलंस आणि म्हणालीस, "माझी शिकवणी आहे. मागे बस." त्या छोट्या गाडीच्या मागच्या सीटवर मी स्वतःच्या तीन घड्या घातल्या. पुढे ते दातांचे डॉक्टर, स्टिअरिंगला लोंबकळल्यासारखे. आरशात मला बघून त्यांनी विचारलं, "या कोण?" आणि तू म्हणालीस, "वजन. मागे वजन असलं की गाडी नीट कळते. क्लच हळू सोडा." तासभर मी वजन म्हणून बसले. तुझी मान दिसत होती. तिच्यावर दोन-तीन पांढरे केस आहेत, ते मला माहीत नव्हते. मला फार रडू येत होतं, पण डॉक्टर आधीच घाबरलेले, म्हणून आवरलं.

घरी भाची शाळेतून आलेली. मला दारात वाकून आत येताना बघून म्हणाली, "ही ती पार्सलवाली मावशी?"

"हो," तू म्हणालीस. तू ताटं मांडत होतीस, माझ्याकडे पाठ करून. "आणि माझा शेवटचा फाऊल म्हणतात ना, तो हिचा."

इतक्या सरळ आवाजात म्हणालीस, जणू मीठ कुठे आहे ते सांगतेस.

पोरगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तुला विचारलं, "मग तू हात का वर केलास?"

"मला वाटलं, माझाच लागला."

"आणि मावशीने का नाही केला?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात तूच वळलीस. "तिला शेवटचा बॉल हवा होता."

"मिळाला?"

"मिळाला."

"मग गेला आत?"

आणि आपण दोघी एकदम म्हणालो, "नाही!"

ताई, तू हसलीस. आधी नाकातून, मग अशी, की हातातली वाटी ठेवावी लागली. पोरीला काही कळेना, तरी तीही हसायला लागली. मीही हसले. मग तुझं हसणं कधी बदललं ते मला कळलं नाही. तू सिंकपाशी जाऊन नळ सोडून उभी राहिलीस, बराच वेळ. मी उठले नाही. उठून यायला हवं होतं का? मला ठरवता आलं नाही. मी तुझ्या पोरीला वाढत बसले, तिने तिला नको असलेलं सगळं माझ्या ताटात ढकललं. तू परत आलीस आणि म्हणालीस, "गार होतंय, जेव." रात्रीसाठी मला लांब गादी घातलीस आणि पायाशी आणखी एक उशी जोडलीस. माफ केलं असं म्हणाली नाहीस. मीही विचारलं नाही. विचारायची लायकी अजून आलेली नाही.

आज सकाळी स्टँडवर सोडलंस तेव्हा गाडीतून न उतरता एवढंच विचारलंस, "आईला कधी सांगतेस?" मी म्हटलं, बघते. तू काच वर केलीस आणि गेलीस.

बघते म्हटलं ते चुकलं. अकरा वर्षं मी बघतेच आहे. बाबांना सांगायचं राहून गेलं. त्याला आता काही उपाय नाही, आणि ते मला जन्मभर पुरेल. आईचं तसं होऊ देणार नाही. येत्या रविवारी सकाळी मी तिच्याकडे जाते. तूही ये, पोरीला घेऊन. आई रडेल, मग चिडेल, मग तुला जवळ घेईल आणि बाबांचं नाव घेऊन माझ्याशी बरेच दिवस बोलणार नाही. हे सगळं होऊ दे. तू मधे पडू नकोस, माझी बाजू घेऊ नकोस, "लहान होती ती" असंही म्हणू नकोस.

सांगायचं मी आहे. तू फक्त माझ्या शेजारी बस.

तुझी,
धाकटी